कळांच्या वेळी मन स्थिर ठेवणारी वाक्ये : कोणती टिकतात आणि कोणती ऐनवेळी साथ सोडतात

सुरंगी (धागाकर्ती)

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षांत मी परिचारिका म्हणून नोकरीची बहुतेक वर्षे काढली आणि आता निवृत्त झाले आहे. अजूनही गावातल्या आणि नात्यातल्या गरोदर मुली काही ना काही विचारायला येतात. अलीकडे त्यांच्यापैकी बऱ्याच जणींच्या मोबाइलमध्ये सकारात्मक वाक्यांची एखादी यादी किंवा ध्वनिफीत असते. ‘माझे शरीर बाळाला जन्म देण्यास समर्थ आहे’, ‘मी भीती सोडून देते’, ‘प्रत्येक कळ मला बाळाच्या जवळ नेते’ अशी ती वाक्ये असतात. मुली ती रोज मनापासून म्हणतात आणि मग थोड्या संकोचाने विचारतात की, आत गेल्यावर याचा खरोखर उपयोग होतो का. त्या प्रश्नासाठी हा धागा काढला आहे.

माझे उत्तर ‘होतो’ असे आहे, पण कोणत्याही वाक्याचा होत नाही. जे वाक्य सर्वांत जोराची कळ चालू असतानाही खरे राहते, जे पुढच्या एका मिनिटात काय करायचे ते सांगते आणि जे एका उच्छ्वासात म्हणून संपते, ते टिकते. जे वाक्य निकालाचे वचन देते, म्हणजे दुखणार नाही, टाके पडणार नाहीत, शस्त्रक्रिया होणार नाही असे सांगते, ते नेमके गरजेच्या क्षणी बाईची साथ सोडते, आणि कधी कधी बाळंतपणानंतरही तिला टोचत राहते.

कळ कशी असते हे आधी सांगते, कारण वाक्याची लांबी तिच्यावरूनच ठरते. प्रसूती चांगली सुरू झाली की दहा मिनिटांत साधारण तीन ते पाच कळा येतात. प्रत्येक कळ चढते, शिखराला पोहोचते आणि उतरते, आणि हे सारे साधारण मिनिटभरात आटोपते. दोन कळांच्या मध्ये गर्भाशय पूर्ण सैल पडते आणि तो वेळ विश्रांतीचा असतो. गर्भाशयाचा स्नायू आपल्या हुकमाने चालत नाही, त्यामुळे बाईला कळ थांबवता येत नाही की आणता येत नाही. तिच्या हातात असतात ते फक्त श्वास, जबडा, खांदे आणि मुठी. घाबरलेली बाई शिखरावर श्वास रोखते, दात आवळते आणि हाताला लागेल ते घट्ट धरते. त्यामुळे ती लवकर दमते, आणि कळ उतरली तरी तिचे अंग सैल होत नाही, म्हणून मधली विश्रांतीही तिला मिळत नाही.

एक मुलगी मला स्पष्ट आठवते. पहिलटकरीण होती आणि लोखंडी कॉटच्या बाजूचा गज तिने इतका आवळून धरला होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती. तिला धीर देणारी लांबलचक भाषणे आधीच सगळ्यांनी देऊन झाली होती. मी तिची बोटे एकेक करून सोडवली, तिचा तळवा माझ्या तळव्यावर उघडा ठेवला आणि म्हटले, ‘हात सैल, श्वास बाहेर.’ पुढच्या कळेला तिने स्वतःच ओठ हलवून तेच शब्द म्हटले. पहाटेपर्यंत तिने दुसरे काही म्हटले नाही. कळा कमी झाल्या नव्हत्या, आणि तिला दुखत नव्हते असेही नाही. पण आता प्रत्येक कळेला काय करायचे ते तिला ठाऊक होते.

अबोली_देवगड

सुरंगीताई, तुमचे लेखन वाचून मोठा आधार वाटला. मला सातवा महिना चालू आहे. यजमान नोकरीनिमित्त मुंबईत असतात आणि बाळंतपण माहेरीच होणार आहे. मी रोज रात्री झोपताना एक ध्वनिफीत ऐकते. तिच्यातले मुख्य वाक्य ‘माझी प्रसूती सहज आणि वेदनारहित होणार आहे’ असे आहे. ते ऐकताना छान वाटते, पण ध्वनिफीत संपली की मनात लगेच प्रश्न उभा राहतो की, हे खरे आहे का. आईला माझ्या वेळी फार त्रास झाला होता, आणि ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मनात शंका येणे म्हणजे माझी श्रद्धा कमी पडते आहे, असे मी समजावे का? आमच्या वाडीत मोबाइलला रेंज जेमतेम असते, तेव्हा ऐनवेळी ध्वनिफितीवर विसंबणे कितपत शहाणपणाचे आहे, हेही कृपया सांगावे.

सुरंगी

अबोली, शंका येते म्हणजे तुझ्यात काही उणे आहे असे मुळीच नाही. तुझे मन त्या वाक्याला योग्य प्रश्न विचारत आहे. बहुतेक बायकांना कळा दुखतात, आणि ज्या वाक्याला पहिल्याच जोराच्या कळेने खोटे पाडायचे आहे, ते तू पाठ करू नयेस असे मला वाटते.

भीती आणि वेदना यांचा संबंध मात्र खरा आहे. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज प्रसूतितज्ज्ञाने 1933 च्या सुमारास असे मांडले की, भीतीमुळे अंग ताठ होते, ताठरपणामुळे वेदना वाढते आणि वाढलेली वेदना पुन्हा भीती वाढवते. पुढे फर्नांद लमाझ या फ्रेंच डॉक्टरने 1951 मध्ये सोव्हिएत रशियात पाहिलेली पद्धत फ्रान्समध्ये आणली. त्या पद्धतीत बाईला आधीपासून प्रसूतीची माहिती देत आणि कळेसोबत घ्यायच्या श्वासाचा सराव करून घेत. आज याच्यामागचे शरीरशास्त्र अधिक नीट सांगता येते. ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे कळा येतात, आणि बाई फार घाबरली की वाढणारे अ‍ॅड्रेनॅलिन त्याच्या कामात अडथळा आणते. रुग्णालयात पाऊल टाकताच कळा मंदावल्याचे अनेक बायका सांगतात, त्याचे एक कारण हेही असते. डिक-रीडच्या मांडणीतला एक भाग मात्र मला पटत नाही. भीती गेली की वेदनाही जवळजवळ जाते, अशी त्याची समजूत होती. अजिबात न घाबरलेल्या, तिसऱ्या खेपेच्या बायकांनाही कळांनी विव्हळताना मी पाहिले आहे. भीती गेल्याने जे वाचते ते बळ असते, आणि तेही थोडेथोडके नसते.

म्हणून तुझे वाक्य बदल. ‘दुखणार नाही’ याऐवजी ‘ही कळ चढली आहे, ती उतरणार आहे’ असे म्हण. हे प्रत्येक कळेला खरे ठरते, आणि प्रत्येक वेळी खरे ठरले की त्याच्यावरचा तुझा विश्वास वाढत जातो. ध्वनिफीत ऐकायला हरकत नाही. ती फोनमध्येच उतरवून ठेव, म्हणजे रेंजची काळजी नको. पण ती सातव्या-आठव्या महिन्यातल्या सरावासाठी आहे असे समज. जोराच्या कळा सुरू झाल्यावर कानात बोंडे खुपसून पडून राहणाऱ्या बायका मी फारशा पाहिल्या नाहीत, बहुतेक जणी ती काढून टाकतात.

कातळावरचा_वाचक

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. सुरंगीताईंनी अनुभवातून जे सांगितले त्याला संशोधनाचा आधार आहे, म्हणून थोडी भर घालतो.

स्वतःला वाक्ये सांगून बरे वाटून घेण्याची पद्धत लोकप्रिय केली ती एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. वाक्य जोर लावून, स्वतःशी झगडत म्हणू नये, असा त्याचा आग्रह असे, कारण जोर लावला की मन उलट बाजूला धावते. याची प्रायोगिक बाजू पुष्कळ नंतर, 2009 मध्ये समोर आली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळातच चांगले होते त्यांना किंचित बरे वाटले, पण ज्यांचे मत कमी होते त्यांना, ते वाक्य न म्हटलेल्या तशाच लोकांपेक्षा वाईट वाटले. न पटणारे स्तुतिवाक्य मनाला आपल्या उणिवांची आठवण करून देते, असा त्याचा अर्थ लावता येतो. अबोलीताईंच्या मनात ध्वनिफीत संपताच जो प्रश्न उभा राहतो तो याच जातीचा आहे.

प्रसूतीपुरते बोलायचे तर ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यांदा आई होणाऱ्या 680 स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत स्वसंमोहनाची दोन सत्रे आणि घरी ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रण देण्यात आले. वेदनाशमनासाठी पाठीत इंजेक्शन घेणाऱ्यांचे प्रमाण त्या गटात सुमारे 28 टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे 30 टक्के होते, म्हणजे फरक पडला असे म्हणता येत नाही. तथापि बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी विचारले असता, आपल्याला वाटले होते त्यापेक्षा प्रत्यक्षात भीती आणि चिंता कमी जाणवली, असे सराव केलेल्या गटातील स्त्रियांनी अधिक प्रमाणात सांगितले. स्वसंमोहन आणि नुसती वाक्ये या दोन गोष्टी एकच नाहीत, हे लक्षात ठेवून हा निष्कर्ष वाचावा. तरी त्याचा रोख ताईंच्या म्हणण्याकडेच आहे. सरावाने वेदनेचे औषध टळत नाही, पण अनुभवाचा धसका कमी होऊ शकतो.

रापणकर_सून

मी मालवणजवळच्या मच्छीमार घरातली सून आहे. ‘कळ ही लाटेसारखी असते, तिच्यावर तरंगत राहा’ हे वाक्य मला प्रत्येक यादीत आढळले, आणि आमच्या आशाताईंनीही तेच सुचवले होते. आपण समुद्राकाठची माणसे, तेव्हा हे वाक्य आपल्याला जवळचे वाटेल, असे त्यांना वाटले असावे. पण आमच्या घरात समुद्राची आठवण निराळी आहे. माझे चुलत सासरे पावसाळी वाऱ्यात सापडलेल्या होडीतून परत आले नाहीत, आणि बंदीचे दिवस संपून नारळीपौर्णिमेनंतर होड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या की घरातल्या बायका पहिले काही दिवस नीट जेवतही नाहीत. मी डोळे मिटून लाट आठवायला लागले की मला तीच होडी दिसायची.

म्हणून मी ते वाक्य सोडून दिले आणि सासूबाईंनी सुचवलेले धरले. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना सगळ्यांनी मिळून जोर लावायचा आणि मग दोरी हातात तशीच धरून दम घ्यायचा, ही आमच्या घरात रोजची गोष्ट. सासूबाई म्हणाल्या, ‘ओढ इली की ओढूचा, सुटली की बसूचा.’ मला कळांच्या मधल्या वेळात खरोखर ‘सुटली’ असे म्हणून डोळे मिटता आले. इतर भगिनींना माझे इतकेच सांगणे आहे की, दुसऱ्या कोणाला शांत करणारे चित्र आपल्याला शांत करत नसेल तर ते निःसंकोच बाजूला ठेवावे.

हर्णैची_लेक

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी नानी गरोदर मुलींना एक गोष्ट शिकवायची. श्वास आत घेताना काही म्हणायचे नाही आणि बाहेर सोडताना अल्लाहचे नाव सावकाश घ्यायचे. हे तिने मानसशास्त्र म्हणून शिकवले नव्हते, ती तिची इबादत होती, आणि माझ्यासाठीही ती इबादतच आहे. पण वरचे प्रतिसाद वाचून लक्षात आले की, नाव सावकाश घ्यायचे म्हटले की उच्छ्वास आपोआप लांबतो. माझ्या शेजारच्या कॉटवरची बाई रामरक्षा म्हणत होती आणि मध्येच अडखळली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती, त्यामुळे ती आणखी कासावीस होत होती. तिच्या आईने तिला पूर्ण स्तोत्र सोडून नुसते रामनाम घ्यायला सांगितले, तेव्हा ती सावरली. श्रद्धा असणाऱ्यांनी वेगळी वाक्ये शोधायची गरज आहे का, हे ताईंना विचारायचे आहे.

सुरंगी

गरज नाही. जे नाव लहानपणापासून ओठांवर आहे ते कोणत्याही नव्या वाक्यापेक्षा खोल गेलेले असते, आणि प्रसूतीच्या शेवटच्या टप्प्यात, जेव्हा बाई थरथरते, तिला उलटी होते, ‘माझ्याने होत नाही, मला घरी न्या’ असे ती म्हणू लागते, तेव्हा पाठ केलेले नवे काही आठवत नाही. तुझ्या नानींनी सांगितलेला लांब उच्छ्वास हाच या सगळ्याचा गाभा आहे. श्वास सावकाश सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात आणि खांदे आपसूक खाली येतात, म्हणून शब्द कोणतेही असोत, ते उच्छ्वासावर बसले पाहिजेत.

रापणकर सूनबाईंचा प्रतिसाद तर प्रत्येक आशाताईने वाचावा असा आहे.

सावली

मी हे फार दिवसांनी लिहिते आहे. गरोदरपणात मी एका शिबिरात गेले होते. तिथे आम्हाला ‘मी नैसर्गिकरीत्याच बाळंत होणार, माझ्या शरीराला हे येते’ असे रोज सकाळी म्हणायला सांगितले होते. मी ते नेमाने म्हटले. कळा सुरू झाल्यावर बराच वेळ गेला, बाळाचे ठोके खाली येऊ लागले आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. मुलगा सुखरूप आहे. पण टेबलावर पडल्यापडल्या माझ्या मनात तेच वाक्य फिरत होते, आणि नंतर कित्येक महिने मला वाटत राहिले की, माझ्या शरीराला जे ‘येते’ असे मी म्हणत होते ते त्याला आलेच नाही. त्या रुग्णालयातल्या एका कर्मचारी बाईंनी ‘एवढी वाक्ये पाठ केलीस, शेवटी कापावेच लागले ना’ असे सर्वांसमोर म्हटले, ते अजूनही विसरता येत नाही. सकारात्मक वाक्यांविरुद्ध माझी तक्रार नाही. पण ज्या वाक्यात एकाच वाटेला यश म्हटले आहे, ते बाईच्या पदरात बांधणाऱ्यांनी पुढचा विचार करावा, ही कळकळीची विनंती आहे.

सुरंगी

सावली, तुझ्या शरीराने कुठेही कसूर केलेली नाही. बाळाचे ठोके खाली जाणे हे कोणत्याही वाक्याने घडत नाही आणि टळतही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातील 21.5 टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे नोंदले आहे, म्हणजे साधारण पाचांत एक. त्यांतल्या काही टाळता आल्या असत्या हे मान्य केले, तरी तुझ्यासारख्या वेळी ती शस्त्रक्रियाच बाळाला वाचवते. आणि त्या कर्मचारी बाईंचे बोलणे हा आमच्या पेशाला लागलेला डाग आहे, असे मी परिचारिका म्हणून स्पष्ट म्हणते.

याच जातीचे आणखी एक वाक्य हल्ली ऐकू येते, ‘दर तासाला मी एकेक सेंटिमीटर उघडते आहे.’ ते म्हणणारी बाई घड्याळाकडे पाहत राहते आणि तपासणीत आकडा पुढे सरकला नाही की खचते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये प्रसूतिकाळातील देखभालीविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत हा तासाला एक सेंटिमीटरचा हिशेब सर्व बायकांना लावू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. प्रसूतीचा वेगवान टप्पा गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून धरावा असेही त्यात आहे, आणि त्याआधीचा काळ किती चालेल याचा नियम नाही. घड्याळाला बांधलेले वाक्य पाठ करू नये.

त्याच शिफारशींमध्ये श्वसन आणि अंग सैल सोडण्याच्या पद्धतींना जागा आहे, आणि बाईने निवडलेली सोबतीण जवळ असावी हेही आहे. माझ्या मते सोबतीणीचा मुद्दा वाक्यांपेक्षाही मोठा आहे. सतत सोबत असण्यावर जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये निघाला. त्यात 15,000 हून अधिक स्त्रिया होत्या. ज्यांच्याजवळ कोणी ना कोणी सतत होते, त्यांच्यात आपोआप प्रसूती होण्याचे प्रमाण जास्त, शस्त्रक्रियेचे कमी आणि प्रसूतीचा काळ थोडा लहान आढळला. आपल्याकडे केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली, आणि प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठी 2017 च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही तिचा समावेश आहे. सोबतीण स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, अशी त्यात अपेक्षा आहे. तेव्हा घरातली काकी, मावशी, आत्या यांपैकी जी घाबरत नाही ती निवडावी. आईच सर्वांत योग्य असते असे नाही, लेकीच्या कळा पाहून आईच रडू लागते असे पुष्कळदा होते.

सोबतीणीला वाक्ये आधीच सांगून ठेवावीत, कारण शेवटच्या टप्प्यात ती तिलाच म्हणायची असतात. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणे घालतात तेव्हा एक जण बोलतो आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गाऱ्हाणे घालणाऱ्याला त्या ‘व्हय’ने किती बळ येते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. वेंगुर्ल्याकडची एक काकी पुतणीच्या उशाशी बसून नेमके हेच करत होती. पुतणी कळ उतरताना ‘गेली’ म्हणायची आणि काकी ‘व्हय गो बाय, गेली’ म्हणायची. पुतणीच्या तोंडून शब्द फुटेनासा झाला तेव्हा काकीने दोन्ही बाजू स्वतःकडे घेतल्या, ‘ही कळ जातली. गेली बघ. मी हंयच आसंय.’ कक्षात दुसऱ्या कोणाचा आवाज नव्हता, आणि मीही मध्ये बोलले नाही.

प्रसूतितज्ज्ञ_चिपळूण

चर्चा आवडली. डॉक्टर म्हणून एका धोक्याकडे लक्ष वेधतो. आमच्या प्रसूतिकक्षांत जी ओरडते तिच्याकडे सगळे धावतात आणि जी शांत आहे ती ‘अजून लांब आहे’ असे गृहीत धरले जाते. श्वासाचा आणि वाक्यांचा चांगला सराव केलेली बाई बाहेरून इतकी शांत दिसू शकते की, तिची प्रसूती किती पुढे गेली आहे हे कर्मचाऱ्यांच्या लक्षात येत नाही. म्हणून शांत राहणाऱ्या बाईने, किंवा तिच्या वतीने सोबतीणीने, शौचाला लागल्यासारखा खाली दाब येऊ लागताच तो लगेच सांगावा. ‘मी शांत आहे’ याचा अर्थ ‘मी गप्प राहीन’ असा कोणीही करू नये.

पुढील गोष्टींपैकी काही आढळल्यास कोणतेही वाक्य म्हणत बसू नये, तत्काळ सांगावे, आणि घरी असल्यास 108 किंवा 102 ला फोन करून निघावे : अंगावरून रक्त जाणे, हिरवट किंवा काळपट पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके किंवा ताप येणे, आणि दोन कळांच्या मध्येही पोट सैल न पडता सलग दुखत राहणे. पावसाळ्यात घाट आणि खाडीपलीकडच्या वाड्यांतून निघायला किती वेळ लागेल याचा हिशेब आठव्या महिन्यातच करून ठेवावा. निघायची तयारी पक्की आहे हे ठाऊक असले की मन जितके शांत राहते, तितके ते दुसऱ्या कशानेही राहत नाही, असे मला वाटते.

वेदनाशमनाचे औषध किंवा इंजेक्शन मागण्यात कमीपणा नाही. पाठीतल्या इंजेक्शनाची सोय सर्व ठिकाणी नसते, कारण त्यासाठी भूलतज्ज्ञ हजर असावा लागतो. त्यामुळे आपण नाव घातले आहे त्या रुग्णालयात काय मिळते, हे आधीच विचारावे. वाक्ये आणि औषध ही परस्परांच्या विरोधात नाहीत.

अबोली_देवगड

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या तपासणीला, 9 तारखेच्या सरकारी शिबिराला जाईन, तेव्हा सोबतीणीला आत येऊ देतात का आणि वेदनाशमनासाठी काय उपलब्ध आहे, हे दोन्ही विचारणार आहे. सोबत आत्या येणार आहे. तिची तीन बाळंतपणे झाली आहेत आणि ती कशालाही घाबरत नाही. मी खालील वाक्ये तयार केली आहेत. ती योग्य आहेत का, ते सांगावे.

ही कळ चढली, ती उतरणार.
जबडा सैल, खांदे खाली, श्वास बाहेर.
गेली. आता विश्रांती.
दुखते आहे, आणि मी एकटी नाही.
मी धीर सोडणार नाही.

सुरंगी

पहिली चार उत्तम आहेत. चौथे तर मला फारच आवडले, कारण त्यात वेदना नाकारलेली नाही.

पाचवे मात्र काढून टाक. प्रत्येक बाईचा धीर कधी ना कधी सुटतो, बहुधा गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडत आलेले असते तेव्हाच, आणि त्या वेळी हे वाक्य तुला दोष देईल. त्या जागी ‘धीर सुटला तर आत्याला सांगेन’ असे ठेव. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर उपयोगी पडेल असे आणखी एक वाक्यही जोड, ‘वाट बदलली, बाळ तेच आहे.’ हे वाक्य आत्याला आजच सांगून ठेव, कारण ते तुला त्या वेळी तिच्याच तोंडून ऐकायचे आहे.

सगळी वाक्ये एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिही आणि माता व बाल संरक्षण कार्डाच्या ज्या पानावर रक्तगट लिहिलेला असतो त्या पानाला टाचून ठेव. रात्रपाळीची परिचारिका ते पान उघडतेच. तिच्या नजरेला कागद पडला तर ती तुझ्याशी तुझ्याच शब्दांत बोलू शकेल. आजपासून झोपण्यापूर्वी आत्याबरोबर फोनवर का होईना, तू ‘गेली’ म्हण आणि तिने ‘व्हय’ म्हणावे, असा थोडा सराव सुरू कर. कळ नसली तरी चालेल, हातात बर्फाचा खडा घट्ट धरून ठेव आणि त्याच्या झोंबण्यावर श्वास सोडायला शीक. मुंबईच्या यजमानांनाही ही सगळी वाक्ये पाठवून ठेव. ते वेळेत पोहोचू शकले नाहीत, तर दोन कळांच्या मध्ये आत्या फोन तुझ्या कानाशी धरेल, आणि तेव्हा त्यांनी काय बोलावे हे त्यांना शोधावे लागणार नाही.